जुन्या भुयारी गटारांच्या बदलासाठी पैसा कसा उभा करावा : नगरपरिषदा आणि लहान महापालिकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

जुन्या पेठेतल्या एखाद्या चेंबरचे झाकण उचलून आतल्या नळाच्या तोंडावर विजेरीचा झोत टाकला, तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी टाकलेल्या सिमेंटच्या नळाची एक विशिष्ट अवस्था बऱ्याचदा दिसते. तळाचा भाग, ज्यावरून मैलापाणी वाहते, तो बऱ्यापैकी शाबूत असतो. माथ्याकडचा भाग मात्र ओल्या खडूसारखा भुसभुशीत झालेला असतो आणि त्यातून गंजलेल्या सळ्या डोकावत असतात. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो, नळाच्या ओलसर माथ्यावरचे जिवाणू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात आणि ते आम्ल काँक्रीट खात राहते. वरून रस्ता गुळगुळीत असतो, आत नळाची जाडी दरवर्षी कमी होत असते आणि एके दिवशी पावसाळ्यात रस्ता खचतो. त्या दिवशी तातडीची निविदा काढून जो खर्च होतो, तो वेळेवर केलेल्या बदलापेक्षा कितीतरी महाग पडतो, हे नगरपरिषदेच्या लेखा विभागात काही वर्षे काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

नवीन योजनेला पैसा मिळवणे आणि जुनी योजना बदलायला पैसा मिळवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन योजनेत जोडण्या वाढतात, नव्या वस्त्या येतात, अनुदानाच्या प्रस्तावात दाखवायला आकडे असतात. बदलाच्या कामात नागरिकाला काहीच नवीन मिळत नाही. जे काल चालत होते तेच उद्याही चालावे, एवढाच त्याचा उद्देश असतो. म्हणून या कामाची आर्थिक उभारणी मलनिस्सारणाच्या स्वतःच्या उत्पन्नापासून सुरू करावी लागते आणि अनुदान व कर्ज त्या पायावर चढवावे लागते. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने मांडले आहेत.

पहिला टप्पा : कोणता नळ खरोखर बदलायचा आहे, हे ठरवणे

"शहरातली सर्व जुनी गटारे बदलणे" असा प्रस्ताव कोणतीही वित्तसंस्था गांभीर्याने घेत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक दोन चेंबरमधल्या नळाच्या तुकड्याला क्रमांक देऊन त्याचा व्यास, खोली, प्रकार (स्टोनवेअर म्हणजे भाजलेल्या मातीचा, आरसीसी म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा, विटांचे बांधकाम), टाकल्याचे अंदाजे वर्ष आणि सध्याची स्थिती यांची नोंदवही तयार करावी. स्थिती ठरवण्यासाठी सीसीटीव्ही कॅमेऱ्याने पाहणी करून प्रत्येक तुकड्याला १ ते ५ अशी श्रेणी देण्याची पद्धत आता रुळली आहे; ५ म्हणजे कोसळण्याच्या बेतात असलेला नळ.

सगळ्या जाळ्याची कॅमेरा पाहणी करण्याइतके पैसे सुरुवातीला नसतात, पण त्यावाचून अडून राहण्याचे कारण नाही. आरोग्य विभागाची तक्रार नोंदवही काढून गेल्या तीन वर्षांत कोणत्या गल्लीत वारंवार तुंबल्याच्या तक्रारी आल्या ते नकाशावर टिंबांनी दाखवावे. जेटिंग मशीनच्या, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने तुंबलेला नळ मोकळा करणाऱ्या यंत्राच्या, चालकाला बसवून विचारावे. कोणत्या चेंबरमध्ये आठवड्याला जावे लागते हे त्याला तोंडपाठ असते. त्यानंतर उपसा केंद्राचे लॉगबुक उघडावे. पंप मे महिन्यात रोज किती तास चालतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये किती तास चालतो, याची तुलना केली की फुटलेल्या सांध्यांतून किती पावसाचे आणि भूजलाचे पाणी गटारात शिरते याचा अंदाज येतो. ते पाणी आपण वीज जाळून उपसतो आणि पुन्हा वीज जाळून शुद्ध करतो. वीजबिलांतला हा फरक रुपयांत मांडून प्रस्तावाला जोडावा, कारण बदलातून होणारी ही बचत आपल्याकडच्याच कागदांवरून सिद्ध करता येते.

या टिंबांच्या आणि बिलांच्या आधारे ज्या भागांत कॅमेरा पाठवायचा ते ठरवावे. पाहणीनंतर सहसा असे दिसते की काही नळ खोदून पूर्ण बदलावे लागतील, काहींना आतून अस्तर लावून वाचवता येईल आणि काहींना केवळ साफसफाई पुरेल. अरुंद बाजारपेठेत अस्तराची किंवा जुना नळ फोडत नवा ओढून घेण्याची पद्धत प्रति मीटर महाग दिसली, तरी रस्ता पूर्ववत करण्याचा आणि वाहतूक वळवण्याचा खर्च धरल्यावर हिशेब अनेकदा उलटतो.

दुसरा टप्पा : खर्चाचा प्रामाणिक अंदाज

बदलाच्या अंदाजपत्रकात नळाची किंमत हा खर्चाचा एक भागच असतो. काम चालू असताना वरच्या भागातले मैलापाणी थांबत नाही, ते तात्पुरत्या पंपाने पुढच्या चेंबरमध्ये वळवावे लागते. भूजल उपसावे लागते. घरजोडण्या पुन्हा जोडाव्या लागतात. खोल चरांना आधार द्यावा लागतो. जलवाहिन्या आणि वीजकेबल हलवाव्या लागतात. या बाबी मूळ अंदाजात नसल्या की काम अर्ध्यावर अडते आणि वाढीव खर्च शेवटी नगरपरिषदेच्या सर्वसाधारण निधीवर पडतो. कंत्राटी कामावरचा वस्तू व सेवा कर जुलै २०२२ पासून १८ टक्के झाला आहे. जुन्या अंदाजपत्रकावरून नवे बनवताना तो १२ टक्क्यांवरच राहून गेलेला दिसतो.

केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संस्थेच्या २०१३ च्या मलनिस्सारण नियमपुस्तिकेत जाळ्यासाठी ३० वर्षांचा आणि पंपिंग यंत्रसामग्रीसाठी १५ वर्षांचा कालावधी धरलेला आहे. अंदाजपत्रकातही हे दोन भाग वेगळे दाखवावेत, कारण नळासाठी घेतलेले कर्ज आणि पंपासाठी ठेवायचा निधी यांची मुदत वेगळी असते. नव्या नळाचा उतार ठरवताना किमान प्रवाहवेग सेकंदाला ०.६ मीटर राहतो की नाही हे अभियंत्याने तपासलेच पाहिजे. जुना नळ मोठा होता म्हणून नवाही तेवढाच मोठा टाकला आणि प्रवाह कमी असला, तर मैला तळाशी बसतो, पुन्हा वायू तयार होतो आणि कर्ज फिटायच्या आत नळाचा माथा पुन्हा कुरतडला जाऊ लागतो.

सुरक्षेचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यास बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली आहे. भरपाईची रक्कम कितीही असली तरी गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून वायुमापक, यांत्रिक सफाईची वाहने आणि पुरेशा रुंदीचे चेंबर यांना अंदाजपत्रकात कात्री लावू नये.

तिसरा टप्पा : मलनिस्सारणाचा वेगळा हिशेब

एका नगरपरिषदेत काम करताना कर्जाच्या प्रस्तावासाठी बँकेने साधा प्रश्न विचारला होता : मलनिस्सारणापोटी गेल्या तीन वर्षांत मागणी किती होती आणि वसुली किती झाली? ते उत्तर द्यायला आम्हाला सहा आठवडे लागले, कारण मालमत्ता कराच्या पावतीत सगळे कर एकत्र जमा होत होते आणि घरजोडणीच्या अनामत रकमा कधीच पगारात खर्ची पडल्या होत्या. तोवर त्या वर्षीचा व्याजदराचा प्रस्ताव कालबाह्य झाला.

म्हणून कर्जाचा विचार येण्याआधीच दोन गोष्टी कराव्यात. अर्थसंकल्पात मलनिस्सारणाचे उत्पन्न आणि खर्च यांची स्वतंत्र लेखाशीर्षे उघडावीत, आणि मलनिस्सारण कर, वापर शुल्क, जोडणी शुल्क व अनामत यांच्यासाठी वेगळे बँक खाते ठेवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्यावा. द्विनोंद पद्धतीने हिशेब ठेवले जात असतील, तर नळ आणि पंप यांचा घसारा दरवर्षी ताळेबंदात दाखवता येतो, आणि मग "पैसा लागणार आहे" हे सभागृहाला केवळ सांगण्याऐवजी कागदावर दाखवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या पर्यावरण सुरक्षा समिती प्रकरणातील आदेशात, स्थानिक संस्थांनी सांडपाणी प्रक्रियेचा खर्च लाभार्थ्यांकडून वसूल करण्याचे निकष ठरवावेत, असे म्हटले होते. शुल्कवाढीचा ठराव मांडताना या आदेशाचा उल्लेख टिपणीत जरूर करावा.

चौथा टप्पा : दर ठरवणे

येथे एक काल्पनिक उदाहरण घेऊन आकडेमोड करू. समजा, शहरात २२,००० मालमत्ता आहेत आणि सर्व अनुदाने धरल्यावर नगरपरिषदेला १२ कोटी रुपयांचे कर्ज घ्यावे लागणार आहे. व्याज ९ टक्के आणि मुदत १५ वर्षे धरली, तर वार्षिक हप्ता सुमारे १ कोटी ४९ लाख येतो. देखभाल-दुरुस्ती आणि विजेचा वार्षिक खर्च १ कोटी ५० लाख धरू. आज ३ कोटींना मिळणारे पंप १५ वर्षांनी, दरवर्षी ६ टक्के भाववाढ धरली, तर सुमारे ७ कोटी १९ लाखांना पडतील. ७ टक्के व्याजाने ती रक्कम जमवायला वर्षाला साधारण २९ लाख बाजूला टाकावे लागतात. एकूण वार्षिक गरज ३ कोटी २८ लाखांची झाली.

ही रक्कम २२,००० मालमत्तांवर विभागली तर महिन्याला सरासरी १२४ रुपये येतात. परंतु वसुली ७० टक्केच होत असेल, तर तीच गरज भागवायला दर १७७ रुपयांच्या घरात न्यावा लागतो. वसुली ९० टक्क्यांवर नेली तर १३८ रुपये पुरतात. दरमहा जवळपास ४० रुपयांचा हा फरक वेळेवर पैसे भरणारा नागरिक न भरणाऱ्यांच्या वतीने सोसतो. हा तक्ता सभागृहात फळ्यावर मांडला, तर शुल्कवाढीवरची चर्चा पुष्कळ शांतपणे होते, असा माझा अनुभव आहे. थकबाकीवरच्या दंडात वारंवार सूट देणाऱ्या अभय योजनांनी नेमकी ही वसुलीची सवय मोडते, म्हणून कर्जाच्या काळात त्या जाहीर न करण्याचा ठराव आधीच करावा. सर्वांना सरसकट एकच दर लावणेही बरोबर नाही; हॉटेले, लॉज, मंगल कार्यालये आणि रुग्णालये यांच्याकडून येणारा भार वेगळा असतो, आणि त्यांचा दर वाढवला की लहान घरांचा दर सरासरीच्या खाली आणता येतो.

लोक गटारासाठी पैसे देत नाहीत, हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. त्या काळी चेन्नईला लागून असलेल्या आलंदूर या नगरपालिकेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुमारे ३४ कोटींची भुयारी गटार योजना हाती घेतली, तेव्हा आधी घरोघरी पाहणी करून लोक किती द्यायला तयार आहेत हे विचारले. मग प्रत्येक घराकडून ५,००० रुपये आणि व्यापारी जोडणीसाठी १०,००० रुपये अशी ठेव घेतली आणि घरगुती जोडणीला दरमहा १५० रुपये शुल्क ठरवले. तत्कालीन नगराध्यक्ष आर. एस. भारती यांनी सभा घेऊन, लोकांसमोर हिशेब ठेवून ही रक्कम उभी केली. आलंदूरची योजना नवी होती, बदलाची नव्हती, हा फरक खरा आहे. पण आधी विचारणे, मग वेगळ्या खात्यात जमा करणे आणि हिशेब दाखवत राहणे हा क्रम आपल्याला जसाच्या तसा उचलता येतो. बदलाच्या योजनेत ठेवीऐवजी दोन-तीन वर्षांपुरते "नूतनीकरण अंशदान" मागता येईल, मात्र ते कोणत्या रस्त्यांसाठी आहे याची यादी प्रभागनिहाय जाहीर करावी.

पाचवा टप्पा : अनुदानांची जुळवाजुळव

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणीपुरवठा व मलनिस्सारण योजनेत केंद्राचा हिस्सा लोकसंख्येनुसार ठरवला गेला : एक लाखाखालील शहरांना ५० टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना एक तृतीयांश आणि दहा लाखांवरील शहरांना २५ टक्के. रक्कम २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत मिळते, म्हणजे पहिल्या हप्त्यानंतर काम थांबू नये एवढी रोकड आपल्याकडे असावी लागते. मलनिस्सारणाचा भर मूळच्या ५०० अमृत शहरांवर असून, एक लाखाखालील शहरांचे सांडपाणी व्यवस्थापन स्वच्छ भारत अभियान २.० मध्ये येते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दहा लाखांखालील शहरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच वापरायची होती. त्यातली निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पेयजल, पर्जन्यजल संधारण व पाण्याच्या पुनर्वापरासाठी. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा कालावधी सुरू होत असल्याने, नव्या प्रस्तावात त्या आयोगाच्या अटी पाहूनच आकडा धरावा. राज्याच्या नगरोत्थान महाअभियानातूनही मलनिस्सारणाची कामे घेता येतात.

अनुदानाचा प्रस्ताव लिहिताना केवळ "जुने नळ बदलणे" असे शीर्षक दिले की तो मागे पडतो. त्याच नळाच्या बदलामुळे नदीत जाणारे किती मैलापाणी थांबते, शुद्धीकरण केंद्रावर येणारे पावसाचे पाणी किती कमी होते आणि किती नव्या घरांना जोडणी देता येते, हे प्रत्यक्ष मोजमापांसह लिहावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या दराने शुद्धीकरण केंद्र उभारण्यातल्या विलंबासाठी प्रत्येक केंद्रामागे दरमहा १० लाख आणि नाल्यावर उपाययोजना न केल्यास प्रत्येक नाल्यामागे ५ लाख रुपये भरपाई लागू होते. फुटलेल्या मलवाहिनीतून नाल्यात जाणारे पाणी हा या दायित्वाचाच भाग आहे, हे प्रस्तावात लिहिले की वरिष्ठ कार्यालयाला निकड समजते.

स्वहिस्सा, म्हणजे नगरपरिषदेचा स्वतःचा वाटा, मात्र कागदावर दाखवून चालत नाही. तो वेगळ्या खात्यात जमा झाल्याशिवाय कार्यादेश देऊ नये. स्वहिस्स्याअभावी अनुदानाचा दुसरा हप्ता अडला आणि खोदलेला रस्ता पावसाळाभर उघडा राहिला, तर लोकांचा विश्वास परत मिळवायला वर्षे लागतात.

सहावा टप्पा : कर्ज

कर्जाची मुदत मालमत्तेच्या आयुष्याशी जुळली पाहिजे, हा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ चुका टळतात. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे २०२३-२४ पासून नागरी पायाभूत सुविधा विकास निधी आहे. द्वितीय व तृतीय श्रेणीच्या शहरांतील कामांसाठी तो राज्यांमार्फत मिळतो आणि त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या बँक दरापेक्षा दीड टक्का कमी असतो. दर आकर्षक आहे. पण परतफेड दोन वर्षांच्या सवलतीसह सात वर्षांत करायची असते. तीस वर्षांच्या नळासाठी एवढी आखूड मुदत घेतली तर हप्ता एकदम मोठा होतो, म्हणून हा निधी पंप आणि यंत्रसामग्रीसाठी अधिक योग्य वाटतो. नळांसाठी हुडको (गृहनिर्माण व नगरविकासासाठी कर्ज देणारी केंद्राची संस्था) किंवा बँकांकडून दीर्घ मुदत मागावी.

कर्जरोख्यांचा मार्ग मोठ्या शहरांना खुला आहे. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले. नाशिकने १९९९ मध्ये १०० कोटींचे आणि नागपूरने २००१ मध्ये ५० कोटींचे काढले. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे दहा वर्षांचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले. सांडपाण्याशी थेट जोडलेले उदाहरण गाझियाबादचे आहे : २०२१ मध्ये तिथल्या महापालिकेने १५० कोटींचे हरित रोखे काढले, ते सांडपाणी उच्च दर्जाचे शुद्ध करून साहिबाबादच्या उद्योगांना देण्यासाठी. रोखे काढणाऱ्या शहरांना केंद्राकडून १०० कोटींमागे १३ कोटी रुपयांचे प्रोत्साहन अनुदानही ठेवलेले आहे. रोख्यांसाठी सेबी या भांडवली बाजार नियामकाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे लेखापरीक्षित हिशेब आणि पत मानांकन लागते, आणि वरच्या तिसऱ्या टप्प्यातले काम येथे उपयोगी पडते.

लहान नगरपरिषदेला एकट्याने रोखे काढणे परवडत नाही, पण अनेकांनी एकत्र येणे शक्य आहे. तमिळनाडूने २००२ मध्ये पाणी व स्वच्छता सामूहिक निधी उभारून तेरा लहान शहरांच्या वतीने ३० कोटी ४१ लाखांचे पंधरा वर्षांचे रोखे काढले. शहरांचे उत्पन्न आधी एस्क्रो खात्यात, म्हणजे कर्जफेडीसाठी राखून ठेवलेल्या खात्यात, जाई आणि मूळ रकमेच्या निम्म्या भागाला अमेरिकी विकास संस्थेची हमी होती. महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्ह्यातल्या पाच-सहा नगरपरिषदांनी असा प्रस्ताव राज्याकडे एकत्रितपणे न्यावा, असे मला फार वाटते, कारण त्या सर्वांचे नळ एकाच दशकात टाकलेले आहेत आणि एकाच दशकात मोडकळीला येणार आहेत.

कोणत्याही कर्जासाठी राज्य शासनाची पूर्वपरवानगी लागते, आणि त्यासाठी ठराव, तांत्रिक मान्यता व परतफेडीचा तक्ता एकाच वेळी सादर करणे सोयीचे ठरते. करारात एस्क्रो खात्याची अट असेल, तर त्यात फक्त मलनिस्सारणाचे उत्पन्न गहाण द्यावे; संपूर्ण मालमत्ता कर गहाण टाकला, तर एखाद्या वर्षी वसुली घसरल्यावर दिवाबत्ती आणि सफाई कामगारांचे पगारही अडतात. वार्षिक हप्त्याच्या सव्वापट शिल्लक उत्पन्न दाखवता आले, तर वाटाघाटीत नगरपरिषदेची बाजू भक्कम राहते. वरच्या उदाहरणात ही रक्कम १ कोटी ८६ लाख होते.

सातवा टप्पा : शुद्ध केलेल्या पाण्याची विक्री

हे उत्पन्न सगळ्या शहरांना मिळणार नाही, पण जवळ औष्णिक विद्युत केंद्र किंवा औद्योगिक वसाहत असेल तर अवश्य तपासावे. नागपूरच्या भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी आणि खापरखेडा येथील वीज केंद्रांना जाते. सुरत महापालिका पांडेसरा औद्योगिक वसाहतीला असे पाणी विकते. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणानुसार सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रांनी ते पाणी वापरणे बंधनकारक आहे. खरेदीदाराशी करार करताना पाण्याच्या प्रमाणासोबत किमान रकमेची हमी घ्यावी, आणि कर्जाच्या मुदतीपेक्षा करार आधी संपणार नाही हे पाहावे. मात्र जुने नळ फुटके असतील तर केंद्रापर्यंत पोहोचणारे पाणी पावसाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात अपुरे होते, त्यामुळे विक्रीचा करार नळ बदलण्याच्या वेळापत्रकाशी बांधावा लागतो.

आठवा टप्पा : निविदा, देयके आणि पहिल्या वर्षाचे हिशेब

काम एकदम सगळीकडे सुरू न करता खालच्या टोकाकडून, म्हणजे शुद्धीकरण केंद्राच्या बाजूने वर जाणाऱ्या क्रमाने निविदेत टप्पे करावेत, म्हणजे पूर्ण झालेला प्रत्येक भाग लगेच वापरात येतो. कंत्राटदाराचे शेवटचे देयक नव्या नळाची कॅमेरा तपासणी होऊन त्याची चित्रफीत आणि उताराची मोजमापे नोंदवहीत जमा झाल्यावरच अदा करावे. चर भरून रस्ता केला की आत काय झाले ते दिसत नाही. एखादा नळ दोन सेंटीमीटर उलट्या उताराने बसला, तर तो दोष पुढची तीस वर्षे साफसफाई खात्याच्या माथी राहतो.

काम संपल्याच्या पहिल्या आर्थिक वर्षात लेखापालाने एप्रिलमध्येच पंप नूतनीकरण निधीचा पहिला हप्ता वेगळ्या मुदत ठेवीत टाकावा, त्याची पावती वार्षिक हिशेबाला जोडावी आणि उपसा केंद्राच्या लॉगबुकातले जुलै-ऑगस्टचे पंपतास बदलाआधीच्या वर्षाशेजारी लिहून सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेत. ज्या प्रभागांत काम झाले तेथील पंपतास कमी झालेले दिसले नाहीत, तर हमी कालावधी संपण्यापूर्वीच कॅमेरा पुन्हा आत पाठवावा.